ओल्या पानांसाठी सीपीएल फिल्टर : वर्षभराच्या वापरानंतर

तळ्याच्या काठावर उकिडवी बसून मी फिल्टरची कडी फिरवत होते. पाणी दिसतच नव्हतं, त्यावर नुसतं पांढरं आभाळ पसरलेलं. कडी चिमटीत धरून पाव वळसा दिला तसं ते आभाळ विरत गेलं आणि खालून तळ वर आला. गुळगुळीत दगड, त्यांच्यावर मखमलीसारखं शेवाळ, बुडालेल्या काडीला चिकटलेली गोगलगाय, आणि कमळाच्या पानाचा देठ, वाकडातिकडा होत थेट चिखलात शिरलेला. सहा वर्षं मी त्या तळ्याचे फोटो काढतेय. तो देठ कुठे जातो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बाबा शेजारी उभे होते. मी फिल्टर कॅमेऱ्यावरून काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "डोळ्यापुढे धरा आणि हळूहळू फिरवा." त्यांनी दोन-तीनदा इकडेतिकडे फिरवला, मग म्हणाले, "अगं, पाण्यावरचा पडदाच सरकतोय की!"

पडदा हा शब्द मला अगदी बरोबर वाटला. सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे भिंगापुढे लावायचा चकाकी काढणारा फिल्टर, बोलीभाषेत सीपीएल, घ्यावा का, कोणासाठी घ्यावा आणि कधी काढून खिशात ठेवावा, हे मी इथे सविस्तर लिहितेय, कारण घेण्याआधी मी जे वाचलं होतं त्यातलं बरंचसं निळ्याभोर आकाशाबद्दल होतं. वर्षभर, जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी, घरापासून पायी जाता येईल अशा चारेक किलोमीटरच्या एकाच फेऱ्यावर मी हा फिल्टर वापरला. तळं, त्याच्या पलीकडे गवताचा माळ, मधे एक ओढा आणि वाटेवर एकटा उभा असलेला पिंपळ. त्याच जागा, तेच कोन, फक्त ऋतू वेगळे. माझं मत आधीच सांगते. आकाश निळं करायला म्हणून हा फिल्टर घेऊ नका. पानं, पाणी आणि ओले दगड टिपायचे असतील तर मात्र पिशवीतली दुसरी एखादी वस्तू कमी करा आणि हा घ्या.

वस्तू म्हणून त्यात फार काही नाही. दोन कड्या असतात. मागची भिंगाच्या आट्यांवर बसते, पुढची मोकळी फिरते. मधे काचेच्या दोन चकत्यांमध्ये ध्रुवीकरण करणारा पातळ पापुद्रा असतो. सूर्याचा उजेड सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. तो पाण्यावरून, पानावरून किंवा काचेवरून तिरका परतला की त्यात एकाच दिशेचा कंप जास्त उरतो; यालाच ध्रुवीकरण म्हणतात. फिल्टर फिरवत नेला की एका जागी तो नेमका हाच उरलेला उजेड अडवतो, आणि चकाकीखाली झाकलेलं सगळं उघडं पडतं. फिल्टर घरी आला त्या संध्याकाळी मी खिडकीत उभी राहून समोरच्या घराच्या तावदानांवरचं मावळतं ऊन त्यातून पाहिलं होतं. तावदान विझायचं आणि पुन्हा पेटायचं. नंतर वाचलं, की १८०८ मध्ये एत्येन-लुई मालूस या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारं मावळतीचं ऊन स्फटिकातून असंच पाहिलं आणि परावर्तनाने ध्रुवीकरण होतं हे त्यातून उलगडलं. ते वाचून अंगावर काटा आला.

आता पावसाळा. माझ्या मते या फिल्टरचा खरा हंगाम हाच. लोकांना वाटतं, ऊन नाही तर फिल्टरचा काय उपयोग? आकाशापुरतं ते खरं आहे, ढगाळ आभाळावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पण ढगाळ आभाळाचा पांढरा उजेड प्रत्येक ओल्या पानावर पडतो आणि प्रत्येक पान त्याचा एक छोटा आरसा होतं. डोळ्याला ते तितकं खटकत नाही, फोटोत मात्र हिरव्यावर राखाडी साय धरल्यासारखी दिसते. वर्षानुवर्षं माझे पावसाळी फोटो असेच फिके यायचे. घरी येऊन कॉम्प्युटरवर मी रंग वाढवत बसायचे आणि हिरवा भडक व्हायचा, पण ओला दिसायचा नाही. फिल्टर लावून ओढ्याकाठच्या नेच्याचा पहिला फोटो घेतला तेव्हा पात्याच्या मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा, एका पात्याच्या टोकावर अळीने कुरतडलेली अर्धवर्तुळं आणि मागच्या दगडाचा जांभळट काळा रंग, सगळं जसंच्या तसं आलं. रंगाला हात लावायची गरजच पडली नाही. आकाश नंतर गडद करता येतं, पानाचा हिरवाही वाढवता येतो. पण चकाकीने झाकलेली शीर फोटोत मुळात आलेलीच नसते, तर ती नंतर आणणार कुठून? बाकी बऱ्याच फिल्टरांचं काम आता सॉफ्टवेअर करतं, याचं काम करू शकत नाही.

किंमत मोजावी लागते ती उजेडाची. माझा फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). झाडाखाली जो फोटो १/६० सेकंदाच्या वेगावर मिळाला असता तो १/१५ वर जातो, आणि १/१५ वर हात स्थिर राहिला तरी नेचा थोडाच राहणार आहे! वाऱ्याची बारीक झुळूकही पुरते. मग एक तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, २०० वरून ८०० वर न्यायचा, नाहीतर ट्रायपॉड लावून वारा थांबायची वाट पाहायची. मी बहुतेक वेळा वाट पाहते. बाबा तोवर दगडावर बसून पक्ष्यांचे आवाज ओळखतात. ओढ्याच्या पाण्याला मात्र हाच तोटा फायद्याचा ठरतो. वेग कमी झाल्याने पाणी रेशमासारखं ओघळताना येतं आणि दगडांवरची पांढरी चमकही जाते. दोन्ही कामं एकाच काचेत होतात.

पाण्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवा, मला तो फार उपयोगी पडला. पाण्यावरची चकाकी सगळ्यात पूर्णपणे जाते ती उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनात पाहिलं तर. मोजपट्टी लागत नाही. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर सुमारे दोन मीटर पुढचं पाणी, आणि उकिडवं बसून ९० सेंटिमीटरवर असेल तर सव्वा मीटर पुढचं. त्याहून खूप लांबचं किंवा अगदी पायाजवळचं पाणी पाहिलं तर कडी कितीही फिरवा, पडदा पूर्ण सरकत नाही. सुरुवातीला मी काठावर उभी राहून तळ्याच्या मध्यावर फिल्टर रोखायचे आणि निराश व्हायचे. फिल्टर चांगलाच होता, माझा कोन चुकत होता.

आणि याच पाण्याच्या काठी मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. आपण ज्या चकाकीला अडथळा समजतो, तीच चतुर आणि इतर कितीतरी पाणकिड्यांना पाणी ओळखायची खूण असते. त्यांच्या डोळ्यांना हा ध्रुवीकृत उजेड थेट दिसतो. चतुर कधी कधी चकचकीत गाडीच्या छतालाच पाणी समजून तिथे अंडी घालायला उतरतात ते याचमुळे. मधमाश्या आकाशातल्या अशाच उजेडावरून दिशा धरतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. फिल्टर फिरवताना पाणी गायब होतं तेव्हा मला हटकून त्या चतुराची आठवण येते. मी काढून टाकलेलं त्याला दिसतं.

फिल्टर घेताना काय पाहायचं, तेही सांगते. पहिली गोष्ट माप. भिंगाच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला रेघ मारलेल्या शून्यासारखं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो. ५२, ५८, ६७, ७७, असं काहीतरी. तोच फिल्टरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग किती जवळचं-लांबचं टिपतं ते सांगणाऱ्या फोकल लेंग्थशी त्याची गल्लत करू नका, तीही मिलिमीटरमध्येच असते. दोन-तीन भिंगं असतील तर सगळ्यांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि लहान भिंगांसाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान भिंगावर मोठा फिल्टर बसवणारी कडी, लावा. मी आधी ५८ चा घेतला, नंतर ६७ चं भिंग आलं आणि फिल्टर दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

दुसरी गोष्ट, लिनियर की सर्क्युलर. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात साधा लिनियर पोलरायझर उजेडाचं मोजमाप आणि ऑटोफोकस गोंधळात टाकतो, म्हणून सर्क्युलरच हवा. मिररलेसला लिनियरही बहुधा चालतो, पण बाजारात आता सर्क्युलरच जास्त मिळतात. नावावर विश्वास ठेवायचा नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर फिल्टर नेहमीसारखा, पुढची बाजू पडद्याकडे करून धरा आणि फिरवा. एका जागी पडदा काळा व्हायला हवा. आता फिल्टर उलटा करा. सर्क्युलर असेल तर कितीही फिरवला तरी पडदा काळा होत नाही, रंगात किंचित फरक पडतो इतकंच. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो लिनियर.

तिसरी गोष्ट काच आणि कडी. माझा पहिलावहिला फिल्टर, या वर्षाच्याही आधीचा, अगदी स्वस्तातला होता. नाव घेत नाही. त्याने सगळ्या फोटोंवर तपकिरी छटा चढवली, ढगसुद्धा चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखे यायचे. एक पावसाळा झाला आणि काठाने आत पांढुरकं धुकं शिरलं. पापुद्रा सुटायला लागला होता. दुकानात विचारलं तर "पाण्यात भिजवला असेल" हे उत्तर मिळालं. पावसात फोटो काढायची वस्तू पावसाने खराब होत असेल तर ती घेऊन काय करायचं? सध्याचा मल्टिकोटेड, म्हणजे काचेवर लेपाचे अनेक थर असलेला आहे, थेंब पडला तरी फडक्याच्या एका फटकाऱ्यात निघतो, आणि पांढरा कागद टिपून पाहिला तर छटा जाणवत नाही. कडी पितळेची आहे. पितळ ॲल्युमिनियमपेक्षा जड, पण आट्यात कमी अडकतं. कमी म्हणजे अजिबात नाही असं नाही. एकदा बारीक वाळू गेली आणि फिल्टर भिंगावर असा घट्ट बसला की निघेचना. जोर लावून दाबलं की कडी लंबगोल होते आणि आणखी आवळते. शेवटी रुंद रबरबँड कडीभोवती गुंडाळला, तळहात सपाट टेकवून अगदी हलक्या हाताने फिरवला, तेव्हा सुटला. तेव्हापासून एक रबरबँड कायम पिशवीत असतो.

जुन्या भिंगांचा एक त्रास आधीच सांगून ठेवते. काहींचा पुढचा भाग फोकस करताना स्वतः फिरतो. तुम्ही कडी हवी तशी लावता, मग फोकस करता, आणि फिल्टर भिंगाबरोबर फिरून सगळं बिघडवतो. माझं जुनं झूम असंच आहे. त्यावर आधी फोकस, मग फिल्टर, असा उलटा क्रम पाळावा लागतो. हूड, म्हणजे भिंगापुढचा उन्हाचा आडोसा, लावला तर कडीपर्यंत बोटं पोचत नाहीत, तेही खरंच वैतागवाणं आहे.

हिवाळ्यात फिल्टरची गरज निम्म्यावर येते. सकाळचं दाट धुकं त्याला भेदता येत नाही. दूरवरचं धूसर वातावरण थोडं निवळतं, तेही सूर्य बाजूला असेल तर. आकाशाचा नियम इथेच सांगते. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा ज्या ज्या दिशेला जातो तिथलं आकाश सगळ्यात जास्त गडद होतं. सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल तर जवळजवळ काहीच होत नाही. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड भिंगावर, १८ मिलिमीटरला, आकाशाचा एक पट्टा गर्द निळा आणि दोन्ही कडा फिक्या येतात, ते मला कधीच आवडलं नाही. दर महिन्याला माळाचा एकाच जागेवरून फोटो घ्यायचा माझा नेम आहे. त्यात हा डाग सूर्याच्या वाटेबरोबर चौकटीत इकडून तिकडे सरकत राहिला. ऋतूचा बदल कुठला आणि फिल्टरचा कुठला, तेच कळेना. सहाव्या महिन्यापासून माळाच्या फोटोला फिल्टर लावणं मी बंद केलं. ती पहिली पाच चित्रं आता उरलेल्या सातांशी जुळत नाहीत, याची चुटपुट आहेच. एकाच जागेची वर्षभराची मालिका करणार असाल तर दर वेळी एक फोटो फिल्टरशिवाय घेऊन ठेवा.

वाळलेल्या गवतालाही फिल्टर नकोच. कलत्या उन्हात गवताच्या काड्यांवर जी सोनेरी धार चमकते ती परावर्तनाचीच असते. फिल्टर ती पुसून टाकतो आणि खाली उरतं ते नुसतं मातकट पिवळं. पान उन्हासमोर धरल्यासारखं मागून उजळलेलं असेल तेव्हाही फिल्टर काढा. पानातून आरपार आलेल्या उजेडावर त्याचा फारसा परिणाम नसतो, उगाच दोन स्टॉप जातात.

इंद्रधनुष्याचं तर मला आयुष्यभर लक्षात राहील. पाऊस थांबता थांबता तळ्यापलीकडे पूर्ण कमान उभी राहिली. घाईघाईने कॅमेरा उचलला, चौकटीत पाहिलं तर कमानीचा माथाच नाही! दोन्ही पाय जागेवर, मधे रिकामं आभाळ. छातीत धस्स झालं. डोळ्यावरून कॅमेरा काढला तर कमान अख्खी. इंद्रधनुष्याचा उजेडही ध्रुवीकृत असतो आणि तो कमानीच्या वळणाबरोबर दिशा बदलतो, त्यामुळे फिल्टर एका जागी माथा खातो आणि पाव वळशानंतर पाय. तेव्हा हे ठाऊक नव्हतं. बोटांनी आपसूक कडी फिरवली आणि माथा असा काही उजळला, की नुसत्या डोळ्यांनी दिसत होता त्याहून ठळक. त्या दिवसाचा तो एकच फोटो मी भिंतीवर लावलाय.

मग पिंपळाला पालवी फुटते. कोवळं पान तांबूस, इतकं पातळ की बोटावर ठेवलं तर बोटाचा रंग दिसतो, आणि वरून तेल लावल्यासारखं तुकतुकीत. टोक लांब, शेपटीसारखं. वाऱ्याचा मागमूस नसतानाही ते एकटं थरथरत असतं. मी सवयीने कडी पूर्ण फिरवली. चकाकी गेली, शिरांची जाळी स्वच्छ दिसायला लागली, देठाजवळचा गुलाबीपणाही आला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर पान चार दिवसांचं न वाटता पुस्तकात दाबून ठेवल्यासारखं वाटत होतं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तोवर तांबूस उतरून पोपटी शिरत होतं, पण खालच्या फांदीवर दोन पानं अजून तशीच होती. या वेळी पूर्ण फिरवून मग तिथून थोडं मागे आणलं, पानाच्या एका बाजूला चमकीची बारीक पट्टी राहील इतकं. तो फोटो बरोबर आला. तेव्हापासून मी कडी शेवटपर्यंत क्वचितच नेते. कडीवर एक पांढरी खूण असते, ती कुठे होती हे वहीत लिहून ठेवते. घड्याळाच्या काट्यांसारखं, दहा वाजता, दीड वाजता.

उन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. तळं आटतं, भेगाळलेल्या चिखलाला फिल्टरचं देणंघेणं नाही. एकच काळजी घ्या, फिल्टर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आतला पापुद्रा उष्णतेने खराब होतो.

फोनवर फोटो काढणाऱ्यांनाही हा वापरता येतो. आटे नसले तरी लहान मापाचा फिल्टर फोनच्या भिंगापुढे चिकटवून धरायचा आणि पडद्यावर पाहत फिरवायचा. बोट मधे येणार नाही एवढं बघा.

माझा ५८ चा फिल्टर आता बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, मऊ फडक्यात गुंडाळलेला. तळं आलं की ते माझ्याआधी पुढे होतात, तो डोळ्यापुढे धरून सावकाश फिरवतात आणि मला हाक मारतात, "इकडून ये, इथून तळ दिसतोय."